पहिली ते सातवी, पट 61, रंगपेट्या अकरा: शनिवारच्या चित्रकलेच्या तासाला काय करून घेऊ?

यावलच्या_बाई

नमस्कार. यावल तालुक्यात एका जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. पहिली ते सातवी, पट 61, शिक्षक आम्ही तिघं. कलाशिक्षक नाही आणि मिळणारही नाही. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी अंशकालीन कला निदेशक आहे खरा, पण शंभराच्या वर पट असेल तर. आमचा पट तिथवर कधी जायचा? म्हणजे शनिवारची सकाळची शाळा, शेवटचे दोन तास, सगळे वर्ग एकत्र, आणि मी. डी.एड.ला चित्रकलेत मला जेमतेम मार्क होते, तेही सांगून टाकते.

गेल्या वर्षी फळ्यावर मोर काढला. पोरांनी उतरवला. माझ्या मोराचा एक पाय वाकडा झाला होता, तर एकूण एक मोर त्याच पायाने लंगडे. मग म्हटलं, जाऊ दे, मनाने काढा. तर सगळ्यांचं एकच: दोन त्रिकोणी डोंगर, मधे सूर्य, खाली नदी, काठावर नारळाची झाडं. आमच्या गावात नारळाचं झाड एकच आहे, सरपंचांच्या अंगणात.

सामान म्हणाल तर तेलखडूच्या अकरा पेट्या, त्यातला पांढरा तेवढा अख्खा, बाकी तुकडे. पोस्टर कलरच्या सहा बाटल्या. रद्दी भरपूर. पोषण आहाराच्या तांदळाची रिकामी पोती. आणि शाळेच्या तिन्ही बाजूंनी केळी.

केळीवरूनच तर घोटाळा झाला. मोबाईलवर भेंडीचे ठसे पाहिले होते. भेंडी विकत आणण्यापेक्षा म्हटलं, केळीच्या पानांचे दांडे फुकट आहेत. पोरं खूश, ठसेही बरे आले. सोमवारी चार आया दारात. गणवेशाच्या शर्टांवर चिकाचे डाग. एकीने तर शर्टच माझ्या टेबलावर ठेवला.

तर असं काहीतरी सांगा जे सहा वर्षांच्या आणि तेरा वर्षांच्या पोराला एकाच वेळी बसून करता येईल, पैसे लागणार नाहीत, आणि आया येणार नाहीत. आणखी एक, मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदीत कलेचं काय लिहिता? मी 61 वेळा "चित्र छान काढतो / काढते" लिहिलंय. साहेबांनी काही म्हटलं नाही, पण माझी मलाच लाज वाटली.

पालक_क्रमांक_एक

बाई, तुमच्याकडे निदान पोरंच करतात. आमच्या इथे जळगावात रात्री साडेनऊला पोरगी सांगते, उद्या किल्ला न्यायचाय. 2018 पासून थर्माकोलच्या सजावटीला बंदी आहे, हे शाळेला माहीत नसावं. शेवटी पुठ्ठ्याचा किल्ला मी केला, रंग तिच्या मम्मीने दिला, पोरगी झोपली होती. मिळाला 'अ'. माझा स्वतःचा शाळेत कधी आला नव्हता.

माझं एवढंच म्हणणं, जे करायचं ते वर्गात करा, घरी पाठवू नका. चिकाचे डाग चालतील.

निवृत्त_ड्रॉईंगमास्तर

मॅडम, एकतीस वर्षं अमळनेर-पारोळा पट्ट्यात ड्रॉईंग शिकवलं. आता वेळच वेळ आहे, तेव्हा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी चिकाचं. केळीचा चीक कापडावर पडतो तेव्हा पाण्यासारखा असतो, म्हणून तुम्हाला शनिवारी दिसला नाही. हवा लागली की तपकिरी होत जातो, आणि मग शर्ट फाटेल पण डाग जाणार नाही. केळीवाल्यांचे बागेत घालायचे कपडे वेगळे असतात ते उगाच नाही. तर पुढच्या वेळी प्रत्येकाने बापाचा असा एक बागेतला शर्ट आणायचा आणि उलटा घालायचा, बटणं पाठीवर. मागच्याने पुढच्याची बटणं लावायची. पहिलीच्या पोरांना तो पायघोळ होतो, तेच बरं.

पण त्या आयांनी तुम्हाला एक रंग आयता दाखवून दिलाय, तो सोडू नका. दांडा कापला की थेंब येतात ते वाटीत धरा. काडेपेटीची काडी त्यात बुडवून कागदावर चित्र काढायला लावा. काढताना काही दिसत नाही, पोरं कुरकुरतात. कागदांवर नावं घालून कपाटात ठेवा आणि पुढच्या शनिवारपर्यंत उघडू नका. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चिकाला अजून कोणी विचारत नाही.

ठशांचंही सांगतो, कारण तुमचे ठसे "बरे" आले म्हणजे फिसकटले असणार. ताज्या कापाला पाणी सुटतं आणि रंग पळतो. दांडे विळ्याने तुम्ही कापा, पोरांच्या हातात विळा नको. कापलेली बाजू खाली करून रद्दीवर पंधरा मिनिटं उभे ठेवा. पोस्टर कलरमध्ये पाणी जवळजवळ नकोच, पिठल्याइतका घट्ट हवा. थाळीत जुन्या फडक्याची घडी, तिच्यावर रंग, तिच्यावर दांडा टेकवायचा आणि मग कागदावर. दाबायचं नाही, टेकवायचं. नीट आला तर अर्धचंद्र उमटतो आणि त्याच्या आत बारीक बारीक खिडक्या. त्या खिडक्या उमटल्या की समजायचं रंग जमला. पहिली-दुसरीने कुठेही, कितीही ठसे मारावेत, त्यांना नक्षी सांगू नका. तिसरी ते पाचवीने ओळीत. सहावी-सातवीने एक सुलटा एक उलटा, कोपऱ्यावर वळवून साडीचा काठ करायचा. कोपरा वळवताना त्यांची भंबेरी उडते. उडू द्या, सममितीचा धडा तिथेच होतो.

आता तुमचे त्रिकोणी डोंगर. हा रोग अख्ख्या महाराष्ट्रात आहे, पण तुम्हाला माफी नाही, कारण तुमच्या शाळेच्या उत्तरेला सातपुडा उभा आहे. पोरांना मैदानात न्या आणि विचारा, यात त्रिकोण दाखव. एकही सापडणार नाही. लांबच लांब पाठ आहे, मधे मधे कुबड. पेन्सिल देऊ नका, पेन्सिल हातात आली की हात आपोआप त्रिकोण काढतो. रद्दीचा कागद द्या आणि डोंगराकडे बघत बघत वरची कड हाताने फाडायला सांगा. फाडलेली कड कात्रीसारखी सरळ जात नाही, ती आपोआप डोंगर होते. सर्वांत मागची रांग साध्या छपाईच्या फिक्या कागदाची, पुढची गडद जाहिरातीच्या कागदाची, त्यापुढे केळीचे हिरवे पट्टे. लांबचं फिकं का दिसतं, हे सातवीचं पोर मग स्वतःच विचारतं. मैद्याच्या खळीने चिकटवा, डिंकाला पैसे घालू नका. खळीत थोडी तुरटी टाका, नाहीतर दोन दिवसांत आंबते आणि वर्गात कोणी बसत नाही. हे माझ्या अनुभवाचे बोल आहेत, शिपाई महिनाभर माझ्याशी बोलला नव्हता.

पोळ्याचे बैल तुम्ही करतच असाल. सगळेच करतात आणि सगळ्यांचेच फुटतात. पारोळ्याकडच्या शाळेवर असताना तिसरीतला एक पोरगा दर दहा मिनिटांनी यायचा, "सर, मना बैल उभा ऱ्हास नही." मी पायांत झाडूच्या काड्या घालून दिल्या. संध्याकाळी उभा होता, सकाळी चारही पाय सोलून पडलेले, काड्या तेवढ्या उभ्या. का, ते मला बऱ्याच वर्षांनी एका कुंभारदादांनी सांगितलं. माती वाळताना आकसते, काडी आकसत नाही, मग माती फाटणार नाही तर काय? त्यात आपली कपाशीची काळी माती. पाणी पिऊन फुगते, वाळली की भेगाळते. उन्हाळ्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तीच माती आपण बैलाला लावतो.

मग काय करायचं? काळी माती दोन भाग, नदीची चाळलेली वाळू एक भाग, आणि पिंजून पिंजून बारीक केलेला कापूस. पोळा श्रावणात आणि नवा कापूस दसऱ्याच्या पुढे, म्हणून जुन्या उशीतला घ्या. कापसाचे तंतू मातीला धरून ठेवतात. अजिंठ्याच्या भिंतींच्या गिलाव्यातही मातीत तूस आणि वनस्पतींचे तंतू आहेत, ते याचसाठी. पोरांना बैल करता करता हे सांगितलं की सहलीला गेल्यावर ती चित्रांआधी भिंत बघतात. बैलाला पाय चिकटवायचे नाहीत, एकाच गोळ्यातून ओढून काढायचे, आणि जाड. खरा बैल पाहून पाय बारीक करायचा मोह होतो, मातीला तो परवडत नाही. पहिली रात्र ओल्या पोत्याखाली, मग सावलीत दोन दिवस. उन्हात ठेवला की संपला. तुमच्याकडे तांदळाची पोती आहेत म्हणालात, गोणपाटाची असतील तर झालंच काम.

रंगांचं थोडक्यात. हळदीचं पाणी कागदाला फासा, वाळू द्या, मग कपड्याच्या साबणाच्या पाण्यात बोट बुडवून चित्र काढायला लावा. पिवळ्यावर लाल उमटतं. लिंबू फिरवलं की पुसून परत पिवळं. लहानांना जादू, मोठ्यांना आम्ल-आम्लारीचा धडा. पैसे दहा रुपये. होळीच्या सुमारास पायथ्याला पळस फुलतो, त्याची फुलं उकळून केशरी रंग निघतो, तो तर तुम्हाला माहीत असेलच.

नोंदीचं. "छान" हा शब्द सोडा. पोराने काय केलं ते लिहा. "बैलाचे पाय तीनदा मोडले, चौथ्यांदा जाड केले." "डोंगराची मागची रांग न सांगता फिकी घेतली." "रंग मिसळायला घाबरते, शेजारणीचा हिरवा मागून घेते." एका तासाला सात-आठ पोरांकडेच बघा, दोन महिन्यांत सगळी होतात. सगळ्यांकडे एकदम बघायला गेलात तर पुन्हा "छान"वरच याल.

आणि फळ्यावर मोर काढू नका. मीही वीस वर्षं काढला. माझा सुंदर यायचा, म्हणून जास्तच नुकसान झालं.

धडगावचा_मास्तर

सरांचं वाचून वही काढून बसलो. मी आश्रमशाळेवर आहे, पोरं पावरा आणि भिल्ल. आमच्याकडे केळी नाही, पण भोपळे आहेत. वाळून आत बिया खुळखुळायला लागल्या की तो भोपळा कलेच्या तासाला येतो.

होळीला इथले बुध्या पाहिलेत का कोणी? कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरं, डोक्यावर मोरपिसांची उंच टोपी, अंगभर पांढरे ठिपके आणि रेषा. पोरं हे घरी जन्मल्यापासून बघतात. मी पहिल्या वर्षी येडपट, शाळेच्या भिंतीवर वारली काढायला घेतली. वारली चांगलीच आहे हो, पण ती तिकडे डहाणू-पालघरची. सहावीतल्या एकाने विचारलं, सर, ही माणसं होळीला ठिपके लावत नाहीत का? मी ब्रश खाली ठेवला.

तेव्हापासून होळीच्या आधीचे चार शनिवार ठिपक्यांचे. कागद काळा लागतो, तो कुठून आणायचा? फुटलेली कौलं आणि खापराचे तुकडे घेतो, चुलीतल्या काजळीने काळे करतो, वर खडूची भुकटी पाण्यात कालवून काडीने ठिपके. पहिलीतली एक पोरगी मराठी बोलत नव्हती, चार महिने हाक मारली तरी मान खाली. तिने कौलावर सात ओळी ठिपके काढले आणि कोणत्या ओळीला काय म्हणतात ते मला पावरीत सांगत बसली. मला निम्मंच कळलं. मान हलवत होतो.

एक विचारायचं होतं. ठिपके वाळल्यावर झटकले की पडतात. काय करू?

निवृत्त_ड्रॉईंगमास्तर

नुसत्या पाण्यात कालवू नका. भाताची पेज गाळून तिच्यात कालवा, किंवा बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून. रंगाला धरायला काहीतरी लागतं. आणि कौलावर काजळीचा थर पातळ लावा, जाड झाला तर ठिपक्यासकट तोच निघतो.

त्या पोरीच्या ओळींची नावं लिहून ठेवा हो सर. निम्मी तर निम्मी.

पालक_क्रमांक_एक

मास्तर, ते हळदीचं घरी केलं. मुलीने स्वयंपाकघराच्या पांढऱ्या टाइल्सवर केलं. साबणाने धुवायला गेलो तर सगळी टाइल लाल. लिंबू पुरवून पुरवून थकलो.

निवृत्त_ड्रॉईंगमास्तर

वर्गात करा म्हणून तुम्हीच वर लिहिलंत.

चाळीसगाव_जंक्शन

मोठ्या पोरांसाठी एक सांगतो. आमच्या चाळीसगावला केकी मूस होऊन गेले, 1912 चा जन्म, 1989 ला गेले. चित्रकार, फोटोग्राफर, वर्षानुवर्षं घराबाहेर फारसे पडले नाहीत. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून असे फोटो काढायचे की बघणाऱ्याला तो खरा देखावाच वाटावा. त्यांचं घर स्टेशनजवळ आहे, तिथे आता त्यांचं कलादालन आहे. सहल आणाच, पण सहलीआधी पोरांकडून हे करून घ्या.

चपलांचं रिकामं खोकं आडवं ठेवायचं. आत माती, वाळू, शेणीचा तुकडा, तुरीच्या काड्या, भिंग, काहीही. पाठीमागे चुरगळलेला कागद. चार-चार पोरांचा गट, खोकं एक. मग बाईंचा मोबाईल खोक्याच्या तोंडाशी अगदी जमिनीलगत ठेवून फोटो. सगळी गंमत उंचीत आहे. उभ्याने वरून काढला तर खोकंच दिसतं, मुंगीच्या डोळ्यांनी काढला की तुरीची काडी झाड होते. उजेड एकाच बाजूने घ्यायचा, खिडकीचा. आमच्या सातवीने बर्फाचा डोंगर केला, चाळीसगावला मे महिन्यात. बर्फ म्हणजे कणीक. दुसऱ्या दिवशी डोंगरावर मुंग्यांची रांग लागलेली. एकाने तोही फोटो काढला, गिर्यारोहक म्हणून. तोच सगळ्यांत भारी आला.

कणीक वापरू नका, पांढरी रांगोळी घ्या.

यावलच्या_बाई

तीन शनिवार झाले, सांगते कसं झालं ते.

पहिल्या शनिवारी सातपुडा फाडला. बाहेर न्यायच्या आधीच सातवीची पोरं म्हणाली, बाई, डोंगर माहितेय आम्हाला, कशाला उन्हात? बाहेर उभं केल्यावर भांडणं सुरू. एक म्हणतो कुबड इकडे, दुसरा म्हणतो तिकडे. दोघं दोन जागी उभे होते. मग एकाच जागी बसवलं. मागची रांग फिकी घ्या हे मी सांगायचं विसरले, आणि पाचवीतल्या एका मुलीने चक्क कागद उलटा करून मागची अंधुक छपाई वापरली. तिची नोंद लिहून झाली, अख्ख्या दोन ओळी. एकाने डोंगरावर मोबाईलचा टॉवर चिकटवला. मी काढ म्हणणार होते, पण आहे तो तिथे. नारळ कोणीच केला नाही, एकाने सोडून, आणि त्याच्या जागेवरून सरपंचांचा नारळ खरंच दिसतो. मी जाऊन बसून बघितलं.

दुसऱ्या शनिवारी बापांचे शर्ट. मास्तर, तुम्ही बटणांचं लिहिलंत, पण बटणंच नसतात हो त्या शर्टांना. सुतळीने बांधले. ठशांच्या खिडक्या आल्या. सगळ्यांच्या नाही, वीसेक जणांच्या. चिकाची चित्रंही त्याच दिवशी काढून घेतली आणि कपाटाला कुलूप लावलं. आठवडाभर पोरं कपाटाच्या फटीतून बघत होती.

काल उघडलं. तपकिरी रेघा अशा उमटल्यात की जुन्या पोथीतलं वाटावं. काढताना दिसत नसल्यामुळे सगळं एकमेकांवर चढलंय, घराच्या छपरात गाय, गायीच्या पोटात सूर्य. दुसरीतल्या एकाने बैल काढला होता, त्याची शिंगं पोटाखाली आलीयत आणि पाय वर. मी म्हटलं, अरे हा असा कसा? तो कागद नीट बघून म्हणाला, "बाई, तो झोपेल आहे." नोंदवहीत तेच वाक्य उतरवलं.

या वेळी एकही आई आली नाही. पण आज सकाळी त्या दिवशीची साडी घडी घालायला घेतली. शनिवारी स्वच्छ होती, दोरीवर वाळवली तेव्हाही लक्षात आलं नाही. पदरावर पाच बोटं आणि अर्धा तळवा, तपकिरी. बोटं एवढीशी आहेत, पहिलीतलं कोणीतरी असणार. सोमवारी साडी शाळेत नेते आणि एकेकाचा हात लावून बघते.